दाराखालची फट

मनोहरभाऊ पिल्लू मागणाऱ्या कुणाच्याही घरी गेले की आधी दाराशी उकिडवे बसत आणि दाराखालच्या फटीत करंगळी घालून बघत. करंगळी शिरली की यजमान नापास. “इथून पिल्लू निंगते. आधी पट्टी लावा, मंग बोलू,” म्हणून चालू लागत. मांडलेला चहा तसाच राही.

चंद्रपुरात आमच्या शेजारीच त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत, वनखात्याकडे रीतसर नोंदवलेली छोट्या जातीच्या आफ्रिकन अजगरांची एक जोडी होती. बिनविषारी, लाजाळू जनावरं. पिल्लांसाठी नागपूरचे शौकीन सारखे मागे लागत, पण भाऊ नर-मादी वेगळे ठेवत. “तिच्या आंगावर मास तं चढू द्या. मशीन हाय का ते? अन् घर आधी, अंडं मंग.” पिल्लांना चांगली घरं मिळाल्याशिवाय जोडी लावायचीच नाही, हा हट्ट. उन्हाळ्यात अंडी असली की आमच्या उकाड्यात ती शिजू नयेत म्हणून भाऊ दिवसभर खोलीत ये-जा करत. पाठ टेकून बसलेला हा माणूस मी कधी पाहिला नाही.

एक पिल्लू मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या नितीन मास्तरांकडे गेलं. करंगळी शिरली नव्हती. दिवाळीत मास्तर सासरी गेले, घरी त्यांची आई, सिंधूबाई, एकटी. तिने पिल्लू बादलीत घेतलं आणि जंगलाच्या कडेला सोडून दिलं. मास्तरांचा फोन आला तशी भाऊंनी आणि मी मोटारसायकल काढली.

सिंधूबाई शांत होती. भाऊ सर्पमित्रही होते; त्याच गावात, शाळेच्या पटांगणात त्यांनी पूर्वी भाषण दिलं होतं. “तुमीच तं सांगतलं होतं भाऊ, सापाले मारू नोका, जंगलात सोडा. बिचारं डब्यात कोंडून होतं.”

आता भाऊ भडकणार, असं मला वाटलं.

“बराबर हाय बाई. मी आर्धंच सांगतलं,” ते म्हणाले. “डब्यात जलमलेल्याले जंगल घर नाई होत. जागा दाखवा.”

मग रोज दुपारी दुकानाला कुलूप. पिशवीत गरम पाण्याची बाटली, कारण थंडी पडू लागली होती आणि ती त्या पिल्लाला सोसणारी नव्हती. पालापाचोळा उलटायचा, वाघाच्या भीतीने दिवस कलायच्या आत परतायचं. पिल्लू मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी जोडी कधी लावली नाही. भाषण मात्र गावोगाव जाऊन पुन्हा दिलं, या वेळी पूर्ण.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ अचानक गेले. जोडी आता माझ्याकडे आहे. सिंधूबाई भेटायला आली तेव्हा तिच्या हातात झाकणाला भोकं पाडलेला, पिल्लाचा तोच डबा होता.

“सरपनाले जातो तवा संगंच नेतो,” ती म्हणाली. “दिसलं तं आनाव कुठी? भाऊ तं गेले.”

पिल्लू सोडलं त्याला दोन हिवाळे उलटले होते.

“माझ्याकडे आणा बाई,” मी म्हणालो.