गाऱ्हाण्यासाठी कवळी

गुंद गावच्या गुणा वेळीपाच्या तोंडात शेवटी चार दात उरले होते, आणि तेही भाऊबंदांसारखे एकमेकांपासून लांब लांब उभे होते. खाण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पेजेवर माणूस म्हातारपण काढू शकतो, असं त्याचं मत होतं. अडचण होती ती गाऱ्हाण्याची.

दसऱ्याला रानातल्या देवाच्या झाडाखाली अख्खा गाव हात जोडून उभा राहतो. गुणाच्या घरातला एक माणूस गावाच्या वतीनं देवापुढं मागणं मांडतो: पाऊस वेळेवर दे, भात राख, गुरं राख, अस्वलाला वाटेवर आणू नको. प्रत्येक मागण्यानंतर गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. हा मान पणजोबापासून त्या घरात होता, आणि आता तो गुणाकडे होता. पण दात पडत गेले तसे शब्दही गळत गेले. मागच्या दसऱ्याला काय मागितलं ते कुणालाच कळलं नाही, गावानं सवयीनं मान डोलवली, आणि पुढं रानडुकरांनी उभं भात नांगरून ठेवलं.

गुणाचा चुलतभाऊ नागू तेवढंच धरून बसला. नागू गुणाच्याच वयाचा, पण तोंडात सगळे दात शाबूत. ते चारचौघांत दिसावेत म्हणून तो सुपारी दातांनीच फोडायचा. पंचांत उभा राहून म्हणाला, "देवाला कळलंच न्हाई तर द्येव तरी काय करणार? हे एवढं बोळकं. मी घालतो गाऱ्हाणं."

गावचा म्होरक्या, म्हणजे बुधवंत, होता महाबळेश्वर. त्यानं निवाडा दिला, की दसऱ्यापर्यंत गुणानं तोंडात दात बसवावेत, नाहीतर मान नागूकडे जाईल.

यात सरळ वाटतं ते गुणाला सरळ नव्हतं, कारण त्याच्या पोटात एक गोष्ट होती. पुढचे दात पडले त्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत नागूनं त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती आणि पंगत हसून लोळली होती. गुणाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दसऱ्याला अस्वलाचं मागणं झाल्यावर त्यानं हळूच एक मागणं जोडलं: "आणि ह्या नागूचं समदं दात पाड, म्हाराजा." बोळक्या तोंडातून ते कुणाला कळलं नाही. गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. नागू तर घसा ताणून म्हणाला.

गुणाला चार दिवस फार बरं वाटलं. मग त्याला रीत आठवली. देवापुढं एकदा ठेवलेलं मागणं देव पुरं करीपर्यंत दरवर्षी म्हणावंच लागतं; सोडायचं तर साऱ्या गावानं मिळून परत घ्यायचं. मधेच गाळलं तर देवाचा कोप गावावर. आणि देव काही नागूचा दात हलवेना. तेव्हापासून दर दसऱ्याला गुणा ते पुटपुटत होता आणि नागू दर दसऱ्याला आपल्याच दातांवर होकार देत होता. आता तोंड साफ झालं तर गाव ऐकणार, आणि नाही झालं तर मान नागूकडे. इकडे आड, तिकडे विहीर.

सून मयूरी त्याला रामनगरला दातांच्या डॉक्टर सुमंगलाकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला.

"अज्जा, हे चारपण हलतायत, काढायला पाहिजेत. मग हिरड्या भरल्या की माप घेऊन साधी कवळी करू. वरची टाळूला धरून बसते, खालची जरा हलते. रात्री काढून पाण्यात ठेवायची."

"त्यात बोलणं कसं यील?"

"सवय झाली की अगदी साफ."

गुणाचा चेहरा पडला. "दुसरं काय हाय?"

"दात काढले त्याच दिवशी कवळी बसवता येते. तोंड रिकामं राहात नाही. पण हिरडी आवळली की ती सैल होते, परत बसती करावी लागते."

"म्हंजे सैल झाल्यावर बोलणं बिघडतं?" गुणा आशेनं पुढं सरकला.

"बिघडतं, पण आपण लगेच नीट करून देऊ की." मग त्यांनी हाडात स्क्रू बसवून त्यावर खटक्यानं अडकवायची कवळी सांगितली, आणि स्क्रूवर कायमचीच पक्की, घरी काढायचीच नाही अशीही एक. "त्यात तर तुमच्या दातांसारखंच बोलाल. फक्त हाड पुरेसं पाहिजे, आणि भरायला महिने जातात."

"बाई," गुणा शेवटी म्हणाला, "जरा कमी साफ बोलता यील असं काय न्हाई का?"

डॉक्टरीणबाईंनी मयूरीकडे पाहिलं. मयूरीनं छताकडे पाहिलं.

गावात येऊन गुणानं पंचांपुढं धर्माचा आधार घेतला. गाऱ्हाणं उपाशी, रिकाम्या तोंडानं घालायचं असतं. "रात्री काढून पाण्यात ठेवतात ती वस्तू अंगाची कशी? तोंडात परकी चीज घिऊन देवाम्होरं कसं जाऊ?"

"धोतर रात्री काढतोस न्हवं?" महाबळेश्वर म्हणाला. "मग देवाम्होरं न्हेसून कशाला येतोस?"

स्क्रूचं निघालं तेव्हा गुणा म्हणाला, की देवाच्या झाडाखाली जाताना आपण कोयताही बाहेर ठेवतो, मग हाडात धातू घालून कसं चालेल? हे पंचांना पटलं. त्यांनी स्क्रू मोडीत काढले आणि साधी कवळी पक्की केली. आपल्याच युक्तीनं गुणा पुरता अडकला.

चारही दात निघाले. पावसाळाभर हिरड्या भरल्या, मापं झाली, आणि नवरात्राच्या आधी कवळी आली. गुणा गोठ्यात म्हशीपुढं गाऱ्हाण्याचा सराव करायचा. अस्वलापर्यंत ठणठणीत. पुढचं मागणं पुटपुटायला गेला, की खालची कवळी उचलून वर यायची आणि खाटकन वाजायची. जिभेनं दाबून, सावकाश, एकेक शब्द मोकळा बोललं तरच ती जागेवर राहायची. त्याची झोप उडाली.

दसरा आला. गुणानं पाऊस मागितला, भात मागितलं, गुरं मागितली. पोरंसोरंही ऐकत राहिली, कारण त्यांनी जन्मात पहिल्यांदाच गाऱ्हाण्यातले शब्द ऐकले होते. महाबळेश्वराची छाती फुगली. अस्वलाचं झालं. गुणा घुटमळला. त्यानं आवाज खाली आणला, तशी कवळी उचलली. त्यानं जीभ दाबली आणि डोळे मिटले.

"आणि ह्या नागूचं, समदं, दात, पाड, म्हाराजा."

होकार आला नाही तर वरचं सगळं गाऱ्हाणं फुकट जाणार होतं, पावसासकट. सगळ्यांच्या माना नागूकडे वळल्या. नागूनं ओठ दातांवर घट्ट मिटून घेतले होते. अस्वलानंतर गुणा दरवर्षी पुटपुटायचा ते हेच, आणि किती दसरे आपण यालाच हो म्हणत आलो, हे त्याला आता कळलं होतं; ते सगळ्यांना दिसत होतं. मग तो खाली बघून म्हणाला, "व्हय म्हाराजा." मागून गाव म्हणाला.

गुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाऱ्हाणं तिथंच संपायचं होतं, पण त्याच्यानं हात सोडवेनात.

"आणि पडलंच तर, म्हाराजा, त्येला स्क्रूवाली कवळी मिळू दे. ही खालची लई हलती."

गाव व्हय म्हणाला. पंच एकमेकांकडे बघायला लागले, पण देवापुढं निघालेला शब्द आता मोडीत काढता येत नव्हता.

प्रसाद वाटून झाल्यावर नागू येऊन गुणाच्या शेजारी बसला. त्यानं हातातली सुपारी बराच वेळ फिरवली आणि कनवटीला लावली.

"गुणा, ते स्क्रू हाडात घालताना दुखतंय काय रं?"

"इचारून येतो," गुणा म्हणाला. "न्हाईतर असं कर, तूच चल संगं."