दुसरी रिंग

आज सकाळी कॉलेजच्या कोर्टावर बास्केटबॉलच्या रिंगला लाल ऑइलपेंट मारत होते. तो वास नाकात गेला आणि मला पंच्याण्णव सालचे आमचे सर दिसले.

मी तेव्हा पेठहून नाशिकला शिकायला आलेली, पहिल्या वर्षाची. कॉलेजात एकच रिंग धड होती. दुसरी कधीच मोडून पडलेली. वर्षभर आम्ही त्या एकाच रिंगवर खेळलो. मग दुसऱ्या कॉलेजच्या कोर्टावर पहिली मॅच आली. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना नव्हतं. बॉल हातात येताच मी धावले आणि आमच्याच रिंगमध्ये बास्केट केला. त्या दोन पॉइंटांनी आम्ही हरलो.

"मी नाय खेळायची आता. गावी जाते, सर," मी रडत म्हणाले.

"शॉट झकास होता गं," सर म्हणाले. "चूक माझी. एकाच रिंगवर शिकवलं मी तुम्हाला. दोन दिवस थांब, मग जा."

तिसऱ्या दिवशी ते सातपूरच्या एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलेली रिंग खांद्याला अडकवून स्कूटरवरून आले. रंग ओलाच होता. पांढऱ्या शर्टावर लाल कमान उमटलेली. हसून हसून आमची पुरेवाट झाली, आणि गावी जायचं राहूनच गेलं.

तेव्हा वाटलं होतं, सर माझी समजूत काढताहेत. आता मी स्वतः कोच आहे. 'चूक माझी' म्हणायला किती जड जातं, ते आता कळतं.

काल मॅच हरल्यावर मी वैष्णवीवर सगळ्यांदेखत ओरडले होते. आज ती प्रॅक्टिसला आली नाही. रंग वाळायच्या आत मी स्कूटी काढली आणि नाशिकमधल्याच द्वारका भागात तिच्या घरी निघाले.