बपेऱ्याच्या धुऱ्यावर बसलेल्या बायका

“भात रोज खाता, अन् रोवणा कदी पाह्यला नाही?” बचत गटाच्या मेळाव्यात भेटलेल्या विमलताईंनी मला असं विचारलं. त्यांच्या गावी, बपेऱ्याला जायचं तिथेच ठरलं.

नागपूरहून सकाळची एसटी धरा. आपल्याला, बायकांना, अर्धं तिकीट आहेच. भंडाऱ्यात तासभर असेल तर कारध्याच्या पुलावरून वैनगंगा बघून या. तुमसरच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे बिस्किटांवर भागवावं लागतं. रस्ता बरा आहे, खड्डे मोजायला बसलात तर मात्र हिरवाई हुकेल.

बपेऱ्यापासून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, तिकडच्या बालाघाटकडच्या बायका येतात आणि महिनाभर शाळेमागच्या शेडमध्ये राहतात. विमलताईंच्या गटाने त्यांच्यासाठी न्हाणीला आडोसा करून घेतला, त्यांच्या लेकरांना अंगणवाडीत बसवलं. हे सगळं त्यांनी मला भाकरी थापता थापता सांगितलं, जणू त्यात काही विशेष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बांधीवर, भाताच्या खाचरावर, गेलो. पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, उपटून त्यांच्या जुड्या चिखलात फेकलेल्या, आणि बायका सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या. त्यांच्यातल्या सुखवंतीची मुलगी तिकडे गावी आजीजवळ तापाने पडली होती. दवाखान्यात सुखवंतीचं आधार कार्ड मागत होते आणि ते या बायकांना कामावर आणणाऱ्या मुकादमाकडे होतं. हंगाम अर्ध्यावर सोडून कोणी जाऊ नये म्हणून तो सगळ्यांची कार्डं आधीच गोळा करतो. सुखवंती नुसती पदर पिळत बसली होती.

मी शहाणपणाने तक्रार अर्जाचं सुचवलं. विमलताई हसल्या आणि स्वतःही धुऱ्यावर बसल्या. शेत त्यांचंच होतं! उपटलेले पऱ्हे उन्हात किती टिकणार?

त्यांचे यजमान, रामभाऊ, धावत आले. “काहून बसल्या? पऱ्हे वाळून राहिले.”

“वाळू द्या,” विमलताई शांतपणे म्हणाल्या. “तिचं कार्ड तिले भेटल्याशिवाय बांधीत कोणाचा पाय नाही पडत. माह्याही नाही.”

रामभाऊंनी एकदा जुड्यांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मोटारसायकलला किक मारली. अर्ध्या तासात मुकादम मागे बसून आला. सुखवंतीचंच नाही, सगळ्यांची कार्डं परत मिळाली. सुखवंतीला बसपर्यंत रामभाऊंनीच सोडलं. इतकी साधी, इतकी जबरदस्त गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग बायका चिखलात उतरल्या आणि दुपारपर्यंत बांधी हिरवी झाली. माझी ओळ तेवढी वाकडी.

संध्याकाळी विमलताईंच्या फोनवर निरोप आला, मुलीला दवाखान्यात घेतलं होतं.

परतीच्या एसटीत मी मुकादमाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. घरी येऊन पर्स ठेवायला कपाटाचा खण उघडला, तर वरच रेखाचं आधार कार्ड. आमच्याकडे कामाला येणारी रेखाही बालाघाटकडचीच. दोन वर्षांपूर्वी ओळख पटवायला म्हणून मी कार्ड ठेवून घेतलं होतं. तिने कधी मागितलं नाही, मला कधी आठवलं नाही.

सकाळी ती आल्याबरोबर मी कार्ड तिच्या हातात ठेवलं. तिचा चेहरा उतरला.

“ताई, मले कामावरून काढून राहिल्या का?”