ठणठणीत कानांची वस्ती

आमच्या वहिनीचा आवाज म्हणजे आवाज! तिने स्वयंपाकघरातून "चहा घेणार का?" असं विचारलं की शेजारच्या घरातून "आम्हाला नको" असं उत्तर येतं. मी तिची नणंद. तिला 'भोंगा' हे नाव मीच ठेवलं आणि आता तिच्या संस्थेतले लोकही ते बिनदिक्कत वापरतात.

संस्था कानांसाठी काम करते. वहिनी तिथे कान तपासते, कानाची मशीन बसवून देते, आणि हल्ली पुढचं नियोजनही तिच्याच गळ्यात पडलंय. येत्या काही वर्षांत कुठल्या भागात किती लोकांना ऐकू येईनासं होईल, मशीन किती लागतील, तपासणारी माणसं कुठून आणायची, हे सगळं आजच ठरवायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे तिचं पालुपद.

यंदा संस्था तपासणीची दुसरी खोली बांधणार होती, बाहेरचा आवाज आत न येणारी. पैसे अशा एकाच खोलीपुरते होते. वहिनीला ती पत्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत हवी होती. अध्यक्षांना, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांना, ती बागेजवळ हवी होती, कारण म्हातारी मंडळी तिकडे जास्त. "वस्तीत गरज आहे हे दाखवा, मग बोलू," असं त्यांनी सुनावलं.

मग काय, वहिनी कंबर कसून निघाली आणि मला ओढत घेऊन गेली. वस्ती म्हणजे अरुंद गल्ल्या, अर्धवट वर केलेली शटरं, भिंतीला टेकवलेले पत्रे. पत्रे दाबणाऱ्या प्रेसचा दणका असा की हातातल्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. वहिनी प्रत्येक दारात माणसासमोर उभी राहायची, ओठ नीट दिसू द्यायची आणि सावकाश, खणखणीत विचारायची, "ऐकायला काही त्रास होतो का?" संस्थेची शिस्तच तशी, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली.

"छे हो! अगदी स्पष्ट ऐकू येतं!" दारोदार हेच उत्तर. एक आजोबा तर म्हणाले, "ताई, सगळे तुमच्यासारखे बोलले तर जगात बहिरं कोण राहील?" आम्ही खो खो हसलो आणि पुढच्या दाराकडे वळलो. इतक्या शहाण्या आम्ही!

निष्कर्ष निघाला की सगळी वस्ती ठणठणीत. वहिनीचा चेहरा पडला. त्यात बोलून बोलून तिचा घसा पार बसला. भोंग्यातून आता नुसती हवा यायला लागली.

आणि घरात भलतंच सुरू झालं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, त्याच वस्तीत प्रेसवर काम करतो. वहिनीने त्याच्या मागून विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालंय का?" तो मुकाट जेवत राहिला. "उद्या लवकर जायचंय का?" तो पेपरात डोकं घालून बसलेला. वहिनी खवळली. मला कोपऱ्यात घेऊन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "विचार तुझ्या भावाला, राग कसला आलाय ते!"

मी जाऊन ओरडले, "दादा, रुसलास का रे?"

"मी?" तो चकित झाला. "तीच रुसलीय! घसा बसल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाही."

वहिनीने हातातला डाव खाली ठेवला. ती त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली आणि हळू आवाजात आकडे म्हणायला लागली. सात. चार. नऊ. दादाने मान वळवली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी तिने माझा दंड असा आवळला की मी किंचाळले. "अगं, आपण ओरडून विचारलं सगळ्यांना! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलतो तसं! मग कोण म्हणेल ऐकू येत नाही?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वस्ती. या वेळी जेवणाच्या सुट्टीत, प्रेस थांबलेल्या असताना, त्याच बसक्या घशाने, माणसाच्या मागे उभं राहून आकडे; ऐकू आला की त्याने तो परत म्हणायचा. समोरची माणसं गप्पच. "याही घरात! त्याही घरात!" मी आनंदाने नाचायला लागले आणि मग मलाच कसंतरी झालं. लोकांचे कान चाललेत आणि मी नाचतेय!

"नाच गं," वहिनी म्हणाली. "आज कळलं, म्हणून तरण्या पोरांचे कान तरी वाचवता येतील. कानात घालायचे बोळे उद्यापासून वाटायचे."

बैठकीत अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "परवापर्यंत सगळे ठणठणीत होते. आता एकदम काय झालं?"

"चूक माझी," वहिनी उभी राहून म्हणाली. आवाज अजून अर्धाच सुटला होता. "मी माझ्या आवाजात विचारलं. तो आवाज माझ्या नवऱ्याला ऐकू येतो, म्हणून मी इतकी वर्षं त्याचे कान धडधाकट धरून चालले. दुसऱ्यांचे तपासत फिरले आणि घरातले राहिले." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "खोली वस्तीतच बांधा."

मी बाहेर उभी होते. दार उघडून वहिनी आली आणि तिने मला उचललंच, माझं वजन न बघता!

वस्तीतल्या एका बंद दुकानात ती खोली झाली. जाड भिंती, जाड दार, बाहेरच्या प्रेसचा मागमूस नाही. पहिला मान दादाचा. दोन्ही कानांत मशीन बसवून झाली. वहिनीचा घसा तोवर खडखडीत बरा झाला होता, मनात आणलं असतं तर तिने छप्पर उडवलं असतं. पण ती त्याच्या मागे गेली आणि काहीतरी पुटपुटली. आकडा नव्हता तो, एवढं नक्की. दादा वळला तो लाजून लाल.

"काय म्हणाली रे?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू?" तो म्हणाला. मग तिच्याकडे बघतच राहिला. "पण ही इतकं हळू बोलू शकते, हे मला आजच कळलं."