चाकावरचं गवत

गेझिना टीत्येननं उबवणी पेटीतून सव्वीस नंबरची काचेची बशी काढली, उजेडाला धरली, आणि तिच्या तोंडून घरची नदीकाठची बोली निसटली.

"आगं बया! तू हितं कशी?"

बशीत अकरा ठिपके उगवले होते. करडे, कोरडे, कडांना सुरकुतलेले. तापल्या दुधावरची साय बोटानं मागं सारावी तसे. असे ठिपके तिनं डेअरीच्या तपासणी खोलीत तीस वर्षं पाहिले होते. गोठ्यात वाळलेल्या गवताची धूळ उडाली आणि चरवी उघडी राहिली की दुधात हाच जंतू उतरायचा. पण ही बशी दुधाची नव्हती. मंगळावर जायच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाची होती.

डेअरी बंद पडली तेव्हा गेझिना सत्तावन्न वर्षांची होती. ब्रेमेनच्या या अवकाशयानांच्या कारखान्यात कामाला माणसं हवीत असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती सायकल मारत आली. डॉक्टर पॉपिंगांनी विचारलं, "अवकाशाबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?" ती म्हणाली, "काही नाही. पण बशी बघून दुधात काय पडलं होतं ते सांगते." पॉपिंगा पूर्व फ्रिसियातले, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, "सोमवारी या."

काम तसं साधं. गाडीचा वीतवीत पत्रा ओल्या कापसाच्या काडीनं पुसायचा. काडी नळीतल्या पाण्यात खळबळायची, नळी ऐंशी अंशांवर तापवायची. बाकीचे जंतू मरतात, फक्त बीजाणू उरतात, कवच पांघरून झोपलेले, मेल्याहून मेलेले वाटणारे, आणि ऊब मिळाली की डोळे उघडणारे. ते पाणी बशीत पसरून तीन दिवस पेटीत ठेवायचं आणि काय उगवतं ते मोजायचं. गाडी मंगळाची माती उकरून तिथं कुणी जिवंत आहे का, निदान कधी होतं का, ते शोधणार. तिथं आपणच नेलेला पाहुणा सापडला तर काय तोंड दाखवायचं?

गेझिना त्या गाडीला वासरू म्हणायची. हळूहळू सगळेच म्हणू लागले. "वासराचा डावा डोळा पुसून झाला का?" असं इंजिनिअर लोक विचारायचे. तिनं आयुष्यात शंभरेक वासरं जन्मताना पाहिली होती. वासरू बाहेर पडलं की पेंढ्यानं खसाखसा चोळायचं, म्हणजे ते श्वास घेतं. आणि या एका वासराला गवताच्या काडीचं टोकही लागता कामा नये.

नवरा हिनेर्क मात्र अजून बावीस गायी राखून होता, ब्लॉकलँडमध्ये, व्ह्यूमे नदीच्या बांधाला लागून. कामाच्या दालनात शिरण्याआधी रोज सकाळी एक कागद भरावा लागे: सर्दी आहे का, अंगावर जखम आहे का, गेल्या तीन दिवसांत जनावरं, माती, वाळलेलं गवत यांच्याशी संबंध आला का. म्हणून चार वर्षं गेझिना गोठ्याच्या दारातूनच परत फिरायची. पुसणीचे आठवडे आले की ती वरच्या मजल्यावर, मुलीच्या जुन्या खोलीत झोपायची. हिनेर्क जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, "म्हातारे, मंगळावर कुनी हाय का न्हाई त्याची लई काळजी तुला. हितं खाली एक जित्ता मानूस हाय, त्याची खबर घे!"

"आधी आंघोळ कर मग बोल," ती वरून म्हणायची.

"दोनदा केली."

"साबणानं?"

खाली पुन्हा न्हाणीचं दार वाजायचं.

आणि मग तो जूनमधला रविवार. हिनेर्कच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, कुबड्या अजून सुटल्या नव्हत्या. गवत कापून पसरलेलं, छान खडखडीत वाळलेलं, आणि पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालेलं. शेजारचे लोक आपापल्या गवतामागं धावत होते. हिनेर्क कुबडीवर टेकून कुरणाकडं बघत राहिला.  ओरडला असता तर गेझिना खिडकी लावून बसली असती. तो गप्प होता म्हणून ती खाली उतरली, दातेरी फावडं उचललं आणि तीन तास राबली. पाऊस आला तेव्हा शेवटचा भारा छपराखाली गेला होता. हिनेर्क कुरणाच्या कडेला भिजत उभा होता, लहान पोरासारखा हसत.

तिनं तीनदा आंघोळ केली. नखं ब्रशनं घासली. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी दालनाच्या दारात कागद समोर आला आणि हात त्या ओळीवर पोचला. चार वर्षं तिथं 'नाही'वर खूण करायची सवय, ती हातानं केली. नुसती सवय म्हणणंही तितकंसं खरं नाही. पॉपिंगांनी वसंतातच सांगून ठेवलं होतं, "गाडीच्या पेटीचं झाकण लागण्याआधीची शेवटची पुसणी टीत्येनबाईंची." झाकण लागायला आता बाराच दिवस उरले होते. खरं लिहिलं असतं तर तीन दिवस बाहेर बसावं लागलं असतं. एवढंच. पण त्या तीन दिवसांत चौकशी झाली, बाईचा भरवसा गेला, तर शेवटची पुसणी दुसऱ्या कुणाची.

चाकावर वाकताना चष्मा नाकावरून घसरला आणि तिनं तो हातमोज्यानंच वर सारला होता, हेही तिला आता आठवलं. चष्मा तिनं स्पिरिटनं पुसला होता. स्पिरिटनं बीजाणू मरत नाही, हे नव्या माणसांना तीच शिकवायची. आणि चष्म्याच्या बिजागरीत धूळ जाऊन बसते हेही.

शुक्रवारी दुपारी बैठक झाली. पॉपिंगांनी बशी टेबलावर ठेवली. "गवताचा जंतू आहे. कुणाच्या घरी गवत आहे?"

गेझिनाच्या गायी सगळ्यांना ठाऊक होत्या, पण चार वर्षांच्या 'नाही'मुळं तिच्यावर कुणाला शंकाच आली नाही; सगळ्यांच्या माना ओट्टावियाकडं वळल्या. ओट्टाविया ब्रुझास्को चाकांची इंजिनिअर, ट्यूरिनहून आलेली. तिच्या घरमालकिणीनं ससा पाळला होता, आणि ते तिनं पहिल्याच दिवशी कागदावर प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं.

"ससा तळमजल्यावर असतो," ओट्टाविया म्हणाली. "मी त्याला हातसुद्धा लावत नाही."

"बघू," पॉपिंगा म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बघू' आला की माणसाचं काही खरं नसे.

कपडे बदलायच्या खोलीत ओट्टाविया बाकावर बसून होती. पांढरा झगा अर्धाच उतरवलेला. "गेझिना, मी त्या चाकाला सहा वर्षं दिलीत गं. आता म्हणतील, ही ससेवाली. आयुष्यभर ससेवाली."

गेझिनानं तिच्या झग्याची चेन सोडवून दिली. मग म्हणाली, "ससा नाही तो. ब्लॉकलँडचं गवत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं. रविवारी मी गवत भरलं. कागदावर खोटं लिहिलं. चल, डोळे पूस. माझ्याबरोबर ये, नाहीतर वाटेत माझे पाय मागं फिरायचे."

पॉपिंगांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये चहा गार झाला. चहावर जीव असलेला पूर्व फ्रिसियाचा माणूस चहा गार होऊ देतो, तेव्हा तो किती रागावलाय ते ओळखावं.

"टीत्येनबाई, चार वर्षांत तुमच्या एकाही बशीवर मी दुसऱ्यांदा नजर टाकलेली नाही."

"माहीत आहे, डॉक्टर."

"आता चारही वर्षांच्या बशा पुन्हा तपासाव्या लागतील."

हे मात्र तिला लागलं. दालनात तिला बंदी झाली, तेवढं ती धरूनच चालली होती. चाक धुवायला दोन दिवस गेले. जुन्या नोंदी तपासायला आणखी पाच. त्यांत काही वाकडं निघालं नाही. तरीही शेवटची पुसणी तिच्याकडून गेली ती गेलीच.

मग एके सकाळी पॉपिंगांनी बोलावलं. "तुमच्या कुरणातलं मूठभर गवत आणा. नीट बांधून."

"कशाला?"

"ताडून बघायला. आणि जपून ठेवायला. गाडीवर जे जे जंतू सापडले ते सगळे आपण गोठवून ठेवतो, उणे ऐंशी अंशांत. उद्या तिकडं काही जिवंत सापडलंच, तर आधी या नळ्या काढून विचारायचं, बाबा रे, तू तर नव्हेस ना?" त्यांनी एका रिकाम्या नळीवर चिठ्ठी चिकटवली. "पन्नास वर्षांनीसुद्धा विचारतील."

गवत हिनेर्कच घेऊन आला. ट्रॅक्टर थेट कारखान्याच्या फाटकाशी. पहारेकरी गोंधळला. धुतलेल्या पिठाच्या पिशवीत गवत, पिशवीला दोरी, आणि हिनेर्क ठेवणीतलं जाकीट घालून. पॉपिंगा स्वतः बाहेर आले. "मोइन," त्यांनी तिकडचा रामराम घातला. "मोइन," हिनेर्क म्हणाला. मग दोघांनी आळीपाळीनं पिशवीची गाठ ओढून बघितली, आणि दोघांनाही ती पटली.

शेवटी हिनेर्कनं विचारलं, "हे मंगळावर उगवंल का?"

"नाही उगवणार."

"मग बरं. तिकडचं गवत भराया कोन जानार."

झाकण लागायच्या दिवशी गेझिना काचेच्या अलीकडं उभी होती, कानाला फोन लावून. पलीकडं ओट्टाविया, हातात काडी; शेवटची पुसणी पॉपिंगांनी तिलाच दिली होती.

"कुठून सुरू करू?"

"मागच्या डाव्या चाकापासून. दाबू नको. काडी फिरवत जा, फिरवत. वासराच्या नाकातला चिकटा काढतात तशी."

"मी वासरू पाहिलेलं नाही, गेझिना."

"मग ये रविवारी. ससेवालीला गाय दाखवते."

काचेपलीकडं पांढऱ्या टोपीखाली ओट्टावियाचे डोळे हसले आणि मग भरून आले. आत तिला ते पुसता येईनात, हातमोजे होते. गेझिनानं आपले पुसून घेतले, तिला मोकळीक होती.

तीन दिवसांनी सगळ्या बशा कोऱ्या निघाल्या. ते तिला फोनवरच कळलं. ती तेव्हा गोठ्यात होती, पहिल्यांदाच कामाच्या दिवशी, गुडघ्यापर्यंत पेंढ्यात. हिनेर्क एका कुबडीवर आला होता आता. त्यानं तिच्या केसांतून गवताची काडी काढली आणि खिशात घालू लागला.

"असू दे की डोक्यात," ती म्हणाली. "आता कुठं मोजायचीय."