दाराकडे पाठ

आमच्या विद्यापीठाच्या रसायन विभागात काचेची उपकरणं बनवणारे एक कारागीर होते. सगळे त्यांना फुंकेमास्तर म्हणत. मी शेजारच्या भांडारात कारकून होतो. वर्षातून एकदा विज्ञान विभाग कुटुंबांसाठी खुले असत, तेव्हा मास्तर मुलांना काचेची बदकं करून देत. त्यांची पाठ मात्र दाराकडे असे, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. काच ज्योतीत असताना ते मान वर करत नसत. नळी फिरायची थांबली की काच ओघळते.

लहानपणी त्यांची लेक टेबलाला नाक लावून हे बघत बसायची. पुढे तिच्या लग्नावरून दोघांचं बिनसलं आणि तिचं येणं थांबलं. तरी दर वेळी एक बदक मास्तर बाजूला ठेवत.

"कुणासाठी हो?" मी विचारायचो.

"येईल कुणीतरी मागायला."

एका वर्षी गर्दीतून हाक आली, "बाबा!" मास्तर गर्रकन वळले. दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आपल्या बापाला शोधत होती. तोवर नळीवरची काच ओघळून लोंबायला लागली.

"हे बदक आहे की गोगलगाय?" एक आजी म्हणाल्या आणि सगळे हसले. मास्तरही हसले.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "जरा हात लावा. टेबल फिरवू, तोंड दाराकडे करून."

"अहो, ज्योत हलेल की!"

"हलू दे. ती आलीच, तर दारातच दिसेल."