हॉटेलात लागणारे बूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. गेल्या शुक्रवारी एका माणसाला सांगितलं — ज्याला सांगायचं होतं त्यालाच — आणि दुसरे तुम्ही. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं म्हणे. मला काही सोपं वाटत नाहीये, तेव्हा जरा आडवळणानं येते. सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. राहू द्या.

तर, आमच्या घराण्यात एक खातं माझ्याकडे आहे. गावाकडचं कुणी मुंबईत आलं की त्याला कुठे जेवायला न्यायचं, हे मी ठरवते. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर आमची वाडी. वडील कारखान्यात कामाला, म्हणून मी वाढले बिरवाडीत, भाड्याच्या खोलीत. आता मुंबईत एका जाहिरात कंपनीत नोकरी करते. दासगावची मावशी आली तर तिला माशांच्या हॉटेलात न्यायचं नाही, कारण सावित्री नदीचा ताजा मासा खाणारी ती बाई बर्फातली सुरमई बघून सगळ्यांदेखत नाक मुरडते. आत्याचा सोमवार असतो. मामांना थाळीच हवी, कारण वाटीत दुसऱ्यांदा वाढलं नाही तर ते त्याला जेवणच मानत नाहीत. हे सगळं मला तोंडपाठ. "मनीनं निवडलेलं हाटेल म्हंजे बघायलाच नको," असं काकी अख्ख्या वाडीत सांगायची, आणि मीही ते कौतुक गोड मानून घ्यायचे.

पण निवडताना मी आणखी एक गोष्ट बघायचे, ती कुणालाच ठाऊक नव्हती. तिथे माझ्या ऑफिसातलं कुणी येत नाही ना?

एवढं लिहून मी उठले होते. चहा करून आले. काय लिहिलंय ते वाचलं, आणि खोडलं नाही. पुढे सांगते.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे वाडीवर असायचे. वाडीच्या टोकाला, कड्यावर, एक सपाट धोंड आहे. गुरं बांधून झाली की आबा मला तिथे घेऊन जायचे. खाली एकेक दिवा लागायचा. "ते पोलादपूर. त्यो हायवे. आन त्या तिकडं पिवळं दिसतंय ना, ती बिरवाडी. थितं तुजा बापूस कामावर हाय." मी त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघून हात हलवायचे. आबा हसायचे नाहीत. तेही हलवायचे.

आणखी एक सांगायला हवं — हाकेबद्दल. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारतात. फोन आले तरी मारतात, कारण रेंज येते ती फक्त त्या धोंडेवर. हाक कानावर आली की ओ द्यायची. ज्याला मारली त्यानं, नाहीतर ज्याला ऐकू गेली त्यानं. ओ आली नाही तर माणूस कुठेतरी पडला असं समजून लोक हातातलं काम टाकून बघायला निघतात. ऐकू येऊनही ओ न देणं — असं काही वाडीत कुणी करत नाही. भांडण असलं तरी नाही.

एका दिवाळीत आबांनी माझ्या फोनमध्ये एक फोटो बघितला. उंच इमारतीच्या गच्चीवरचं रूफटॉप हॉटेल, आमच्या ऑफिसची दर शुक्रवारची जागा. मागे लांबवर मुंबईचे दिवे. आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "धोंडेवरनं दिसतं तसंच दिसतंय गो. मला नेशील काय हितं एकदा?"

आबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मी त्यांना आजवर कुठे नेलं होतं? तळमजल्यावर नाहीतर तळघरात. एसी, मिणमिणते दिवे, भिंतीला आरसे. डोंगरमाथ्यावरच्या माणसाला मी तळघरात जेवू घालत होते.

मी म्हटलं, "आबा, तिथे चपला चालत नाहीत. बूट लागतात."

असा नियम नव्हता. आजही नाही. आमच्यातला एकजण तिथे रबरी स्लिपर फटकारत येतो आणि वेटर त्याला सर म्हणतो. माझी नजर फक्त आबांच्या पायांकडे गेली — पोलादपूरच्या बाजारातल्या, टायरच्या तळव्याच्या चपला — आणि नियम तयार झाला. किती पटकन झाला!

नंतर बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की हे बिअरमुळे. तिथे मी एखादा ग्लास घेते, वडीलधाऱ्यांसमोर कसं दिसेल, वगैरे. पण आबा स्वतः शिमग्याला घेतात, आधी बोटानं चार थेंब देवाला शिंपडून. त्यांना माझ्या बिअरचं काय? नाही, बिअरचं काही नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात आबा आणि काकी आले. मी दार उघडलं, तर आबांच्या पायांत बूट. काळे, लेसचे, महाडच्या बाजारातून मुद्दाम आणलेले. जन्मभर डोंगर चढलेले पाय ते, बोटं फाकलेली, चवडा रुंद. त्या बुटांत ते कसे मावले होते कोण जाणे. "आता तरी आत सोडतील ना गो?" त्यांनी विचारलं.

तुम्हांला वाटेल, इथे तरी मी विरघळले असेन. मी म्हटलं, "आज बुकिंगच नाही मिळालं, आबा." आणि त्यांना पुन्हा खालच्याच एका हॉटेलात नेलं. तिथे टेबलाखाली त्यांनी हळूच टाचा बुटांबाहेर काढल्या. मोज्यावर टाचेपाशी लाल डाग होता. मी तो बघितला. बघितला आणि विचारलं, "आबा, सूप घेणार?"

त्यानंतर ते बूट वाडीचे झाले. मुंबईला जाणारा माणूस आबांच्या ओटीवर यायचा, आणि आबा बूट काढून द्यायचे — हाटेलात लागतात. ज्याला मोठे होत त्यानं आत कागद कोंबायचा, ज्याला लहान होत त्यानं सोसायचं. शिमग्याला गावी गेले तर पडवीत खुंटीला लेसनं टांगलेले दिसले, पॉलिश करून. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, आधी हसूच आलं.

मग शेजारचे तुकाराम तात्या बोलायला लागले. मुंबईत त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण होतं, मोठ्या हॉटेलात. नेमके तेव्हा बूट दुसऱ्या कुणी नेलेले. तात्या चपला घालून हॉटेलच्या दारापर्यंत गेले आणि आत गेलेच नाहीत. समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला आणि एसटीला बसून परत आले. "आबानं सांगून ठेवलं व्हतं म्हनून बरं," ते मला म्हणाले. "नायतर चारचौघांत हाकलला असता मला. लाज वाचली बग."

आबा शेजारीच बसले होते. समाधानानं मान हलवत होते. पुतणीनं दिलेली माहिती गावाच्या उपयोगी पडली होती ना.

तेव्हा मला सांगता आलं नसतं का? आलं असतं. पालखी यायला अवकाश होता, सगळी वाडी समोर बसली होती. मी पुरणपोळी अर्धी टाकून हात धुवायला उठले.

हे झालं बुटांचं. पण बुटांच्या आधी एक गोष्ट घडली होती, आणि खरं सांगायचंय ते हे. इतका वेळ मी त्याच्याच भोवती घिरट्या घालतेय.

आबांना मी पहिल्यांदा ज्या तळघरातल्या हॉटेलात नेलं, तिथे आम्ही दोघंच होतो. ते हात धुवायला गेले. परत येताना त्या आरशांत त्यांना आमचं टेबल सापडेना. मला ते दिसत होते, खांबाशी उभे, इकडे तिकडे बघत. आणि त्याच दिवशी माझी बॉस दोन टेबलं सोडून बसलेली. इतकं निवडून, पारखून नेलं होतं, तरी.

आबांनी हाक मारली. डोंगरावरून मारतात तशी. "मनेऽऽऽ!"

अख्खं हॉटेल गप्प झालं. वेटर ताटं हातात घेऊन थांबला. आणि मी — मी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. बॉस वळून माझ्याकडे बघून हसली. मी खांदे उडवले. कोण आहे कुणास ठाऊक, अशा थाटात.

एका वेटरनं त्यांना फिरवून फिरवून माझ्यापर्यंत आणलं, तोवर बॉस बिल देऊन निघून गेली होती. आबांना धाप लागली होती. चेहरा उतरलेला. स्वतः हरवल्याची भीती नव्हती ती. "ओ आली नाय तुजी," ते म्हणाले, "म्हटलं पोरीला झालं तरी काय?"

"ऐकू नाही आलं, आबा," मी म्हटलं.

रूफटॉपवर नेलं तर ते पुन्हा हाक मारतील. उंचावर गेल्यावर मारतीलच. तिथे मी कशाच्या आड लपणार होते? म्हणून बूट.

तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की आमच्या वाडीला खाली शाळेत आणून ठेवतात. आता वाडी कायमचीच खाली हलवायचं बोलणं चाललंय. गेल्या महिन्यात आबांचा फोन आला, धोंडेवरून. "खाली गेलो की उंचावरनं बघायचं संपलं गो. बूट हायत माज्याकडं. त्याआदी तुजं ते गच्चीवरचं एकदा दाव."

मी म्हटलं, "आबा, चपला घालून या."

"नियम बदलला काय?"

"नियम नव्हताच. मी बनवला होता."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "मंग वाडीत काय सांगू आता?"

मी म्हटलं, "माझं नाव घेऊन सांगा." त्यांनी फोन ठेवला.

आठवडाभर काहीच नाही. मग काकीचा फोन आला. आबांनी देवळापुढे सगळ्यांना सांगितलं होतं, माझं नाव घेऊन. तुकाराम तात्या दोन दिवस आबांशी बोलत नव्हते. आता काही मी निवडलेल्या हॉटेलाचं कौतुक काकी करणार नाही, असं मी मनात म्हणत होते, तर ती म्हणाली, "आमी येतोय. तात्यालापन आनतायत हे."

मी शुक्रवारचं टेबल घेतलं. शुक्रवारच.

तिघं आले, तिघांच्याही पायांत चपला. रूफटॉपच्या दाराशी तात्या थबकले. दारावरच्या माणसानं नमस्कार करून आत जायची वाट दाखवली. तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेले. ती नजर मी विसरलेले नाही, विसरायचीही नाही.

आबा सरळ कठड्याशी गेले. दिवेलागण होत होती. ते हातांची घडी घालून बघत राहिले आणि मी दुसऱ्या टोकाला, आमच्या ऑफिसच्या टेबलाशी गेले. म्हटलं, माझे चुलते आलेत, भेटायला चला. बॉस ग्लास हातात घेऊन उठतच होती, तेवढ्यात —

"मनेऽऽऽ!"

सगळं रूफटॉप गप्प झालं. संगीत चालू होतं, माणसं गप्प.

"ओऽऽऽ!" मी दिली. पोटातून दिली. सवय मोडलेली, आवाज मधेच फाटला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी टेबलांमधून वाट काढत आबांकडे गेले. "काय झालं आबा?"

"काय नाय," ते म्हणाले. "बघितलं."

तेव्हा सांगितलं. "आबा, त्या आरशांच्या हॉटेलात मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा."

आबा समोर बघत राहिले. मागे तात्या वेटरला त्याचं गाव विचारत होते आणि काकी बॉसला बसायला खुर्ची देत होती. आबांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

मग त्यांनी विचारलं, "ह्यातलं तुजं हापिस कुटलं?"

मी बोट केलं. लांबवर एक इमारत, वरच्या मजल्यावर पिवळे दिवे. आबांनी ती नीट शोधून काढली, आणि तिकडे बघून हात हलवला.